मलाही आला आहे, सावध

त्या दिवशी मी ग्रुपवर एवढंच लिहिलं होतं: ‘मलाही आला आहे. हाच मजकूर. सावध.’ मोजून सहा शब्द, आणि त्यातला एकही खोटा नव्हता. त्या सहा शब्दांपायी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या हातून तिचं पहिलं पुस्तक गेलं. माझं वय आता शहात्तर आहे. ही गोष्ट माझ्याबरोबर संपून जावी असं बरेच दिवस वाटत होतं. आता वाटत नाही, म्हणून लिहितो.

मी शाळेत इंग्रजी शिकवायचो. निवृत्त झाल्यावर बोरी बुद्रुकला घरी बसून भाषांतरं करायला लागलो. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत या कामाला तोटा नाही. कुणाचा मुलगा बाहेरदेशी निघाला की सातबारा आणि दाखले इंग्रजीत हवे असतात. औषधाच्या बाटलीवरच्या सूचना मराठीत हव्या असतात, द्राक्ष बाहेर पाठवणाऱ्यांना पत्रं हवी असतात. सुरुवातीला माणसं घरी यायची. ओट्यावर बसायची, चहा घ्यायची, मग पिशवीतून कागद काढायची. मोबाइल आल्यावर माणसं यायची थांबली आणि मेसेज यायला लागले.

अनोळखी नंबरावरून नुसतं ‘हाय’ यायचं. किंवा काही न लिहिता वाकड्यातिकड्या कागदाचा फोटो, त्यावर कुणाच्या तरी अंगठ्याची सावली. किंवा ‘रेट?’ एवढा एकच शब्द. माझा नियम होता की ज्यानं नमस्कार लिहिला नाही त्याला उत्तर द्यायचं नाही. वर्गात परवानगीशिवाय आत आलेल्या पोराला मी परत दाराशी उभं करायचो, तसंच काहीसं. पोरं परत यायची. गिऱ्हाईक परत येत नाही, हे मला उशिरा कळलं.

ती विद्यार्थिनी माझ्या शाळेत निमगाव सावाहून यायची. घर बौद्ध वस्तीतलं, वडील गवंडीकाम करायचे. इंग्रजीचा पेपर ती असा लिहायची की मी तो दुसऱ्या वर्गात नेऊन वाचून दाखवायचो. बारावीनंतर तिला मी माझा जुना शब्दकोश दिला. लग्न होऊन ती घोडेगावला गेली. मुलं थोडी मोठी झाल्यावर घरातून भाषांतराचं काम करायला लागली, तेव्हा पहिला फोन तिनं मलाच केला. सर, हे जमेल का मला, म्हणून विचारलं. मी म्हणालो, न जमायला काय झालं. तेव्हा ते मनापासून म्हणालो होतो.

तिची पद्धत अगदी वेगळी. अनोळखी नंबरावरून ‘हाय’ आलं तरी ती ताबडतोब उत्तर द्यायची. उत्तर आधीच लिहून ठेवलेलं असायचं. पहिल्यांदा नमस्कार, मग पाच प्रश्न. मजकूर कशाचा आहे? वाचणार कोण? कधी हवा आहे? माझा नंबर कुणी दिला? आणि शेवटी, भाषांतर करणाऱ्याचं नाव छापणार का? पहिल्या चारांची उत्तरं यायची. पाचव्याला लोक हसरा चेहरा पाठवायचे. बाटलीवर कुणाचं नाव छापतात? एकदा मी तिला म्हणालो, कशाला विचारतेस, हसतात लोक. ती म्हणाली, हसू द्या सर, एक दिवस कुणीतरी हो म्हणेल. कव्हरवर नको मला, आत बारीक अक्षरात चालेल, पण पुस्तकात पाहिजे.

दोन्ही तालुक्यांत मिळून आम्ही अकराजण हे काम करतो. एक कोर्टाशेजारी टायपिंग करणारे गृहस्थ आहेत, एक हिंदीच्या निवृत्त बाई, बाकी तरुण मंडळी. आमचा मोबाइलवर ग्रुप आहे आणि वयानं थोरला म्हणून तो माझ्याकडे आहे. ग्रुप निघाला तोच फसवणुकीतून. आमच्यातल्या एकाला कुणा अनोळख्यानं ‘नमुन्यादाखल’ म्हणून चाळीस पानं करायला लावली आणि नंतर तो नंबरच बंद झाला. दुसऱ्या एकीकडून आधार कार्डाचा फोटो मागून घेतला आणि पुढं तिला बराच मनस्ताप झाला. तेव्हापासून आमची रीत पडली. बाहेरचा किंवा शंकेचा नंबर आला की उत्तर द्यायच्या आधी तो मेसेज ग्रुपवर टाकायचा. तोच मजकूर आणखी कुणाला आला असेल तर त्यानं सांगायचं. दोघांना सारखाच आला तर ते जाळं समजायचं आणि सगळ्यांनी तो नंबर ब्लॉक करायचा. शेवटचा शब्द माझा. ‘सर म्हणाले ना सावध, मग झालं,’ असं सगळे म्हणायचे.

आता बिबट्याचा कागद. आमच्याकडे उसात बिबट्या असतो हे नव्यानं सांगायला नको. माणसांनी काय काळजी घ्यावी याचं एक पत्रक इंग्रजीतून मराठीत करायचं होतं. जुन्नरच्या एका छापखान्यानं ते काम आधी मला दिलं. मी दोन दिवस बसून केलं. ‘ऊसक्षेत्रात अवनत स्थितीत कार्य करणे टाळावे,’ असं त्यात एक वाक्य होतं. मला ते आवडलं होतं. छापखान्यात काम करणाऱ्या बाईनं ते मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, “सर, हे बिबट्याला वाचायला द्यायचं का माणसाला?” सगळे हसले. माझी ती विद्यार्थिनीही तिथं होती, तिच्या कसल्याशा कामाला आली होती. नंतर छापखानेवाल्यानं तोच कागद तिला दिला. तिनं लिहिलं: ‘उसात वाकून काम करताना एकटं राहू नका. उभ्या माणसाच्या वाटेला बिबट्या सहसा जात नाही.’ तो कागद दूधडेरीत लागला, एसटी स्टँडवर लागला, शाळांत लागला. माझ्या घराजवळच्या पिठाच्या गिरणीतही लागला. मी दळण घेऊन उभा राहायचो आणि तो कागद माझ्या डोळ्यांसमोर असायचा. शेवटी दळण सुनेला आणायला सांगू लागलो.

त्यानंतर माझ्या फोनवर वेगळेच मेसेज यायला लागले. ‘सर, त्या मॅडमचा नंबर द्या ना.’ मी द्यायचो. नाही कधी म्हटलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी द्यायचो. तेवढ्यात कुणाचं काम दुसरीकडे गेलं असेल तर गेलं असेल. ग्रुपवर ती काही लिहायला लागली की तिच्या नावापुढे ‘टाइप करत आहे’ असं दिसायचं, आणि आता हिला कुठलं नवं काम आलं या विचारानं मी पडद्याकडे बघत बसायचो. मुलाच्या फोनवरून तिचा प्रोफाइलचा फोटो मोठा करून बघितला होता. ती लॅपटॉपपुढे बसली होती आणि मागच्या फळीवर माझा शब्दकोश होता. तो बघून बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, माझ्याच शब्दकोशावर ही माझं काम नेते आहे.

इथं आणखी एक गोष्ट लिहिली पाहिजे. आमचं घर गावातलं जुनं, जमीनदाराचं. वर्गात मी कधी कुणाला वेगळं बसवलं नाही, आणि त्याचा मला अभिमान होता. पण तीच पोरगी माझ्या भावकीतली असती तर मला हे इतकं टोचलं असतं का? हा प्रश्न मी स्वतःला एकदा विचारला आणि उत्तर यायच्या आत चहा ठेवायला उठलो. उत्तर मला माहीत होतं.

मग तो मेसेज आला. नंबर परदेशातला. इंग्रजीत, नीट नमस्कारानं सुरू झालेला. बिबट्याचा कागद वाचला, असं त्यात होतं. घाटघरच्या बाजूच्या म्हाताऱ्या माणसांनी हिरड्याबद्दल, मधाबद्दल, नाणेघाटाच्या वाटेबद्दल सांगितलेल्या आठवणी आमच्या संस्थेनं ध्वनिमुद्रित केल्या आहेत. त्याचं इंग्रजीत पुस्तक करायचं आहे. हा कागद ज्यांनी केला त्यांनीच ते करावं असं वाटतं. ते तुम्हीच का? आणि नमुन्याची दोन पानं करून पाठवाल का?

बिबट्याचा कागद एवढं वाचून मला क्षणभर माझाच कागद आठवला. छाती फुगली. खाली मराठीत एक वाक्य उतरवलेलं होतं: ‘उभ्या माणसाच्या वाटेला बिबट्या सहसा जात नाही.’

मी छापखान्यात फोन लावला. हे मुद्दाम सांगतो, कारण सगळं यावर आहे. मी विचारलं, आमचे नंबर कुणाला दिलेत का. छापखानेवाला म्हणाला, हो सर, एक बाई येऊन गेल्या, मराठीच आहेत, तिकडे राहतात. तो कागद तुम्ही दोघांनीही केलेला, म्हणून दोघांचे नंबर दिले, आधी सरांना विचारा म्हटलं. मग स्वतःहून पुढं म्हणाला, “तुमचा पहिला कागद पण दाखवला त्यांना. हसल्या न्हाईत, पण बाजूला ठेवला.”

मी त्या मेसेजला उत्तर दिलं नाही. नाही, ते मी नाही, तिचा नंबर घ्या, एवढं लिहायला अर्धं मिनिट लागलं असतं.

दोन दिवसांनी सकाळी तिनं रीतीप्रमाणे तोच मेसेज ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं होतं: ‘चांगला वाटतोय. आपल्या कागदातलं वाक्य टाकलंय, पण तो कागद काय कुणालाही मिळतो. फुकट नमुना मागतात. आणखी कुणाला आलाय का? सर?’

त्या ‘सर?’वर माझी नजर बराच वेळ होती. ग्रुपवर सगळे माझी वाट बघत होते. मी लिहिलं: मलाही आला आहे. हाच मजकूर. सावध.

आयुष्यभर पोरांना सांगत आलो की शब्दाला शब्द ठेवला म्हणजे भाषांतर होत नाही, मतलब पोचला पाहिजे. त्या दिवशी माझा मतलब बरोब्बर पोचला. पाच मिनिटांत बाकीच्या दहाच्या दहा जणांनी तो नंबर ब्लॉक केला. तिनं लिहिलं, ‘थँक्यू सर, वाचले.’ मी अंगठा पाठवला. त्या दुपारी मला गाढ झोप लागली, हेही खरं आहे.

दीड वर्ष गेलं. एक दिवस दारात गाडी थांबली आणि चाळिशीच्या एक बाई उतरल्या. छापखान्यातून पत्ता घेऊन आल्या होत्या. पुस्तकाचा पहिला भाग निघाला होता आणि दुसऱ्या भागासाठी त्या पुन्हा घाटघरला निघाल्या होत्या. एक प्रत मला दिली. चहा घेताना त्या म्हणाल्या, “आम्ही इथल्या दोघांना विचारलं होतं. तुम्ही उत्तर दिलं नाहीत आणि त्यांनी ब्लॉकच केलं. आमचं काय चुकलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.”

मी म्हणालो, “अनोळखी नंबराला इथली माणसं घाबरतात.” हेही खरंच होतं.

त्या गेल्यावर मी पुस्तक उघडलं. आतल्या पानावर बारीक अक्षरात भाषांतर करणाऱ्याचं नाव होतं, कुण्या मोठ्या शहरातल्या माणसाचं. मी त्या नावाकडे बघत बसलो. त्याचा मला काडीचाही हेवा वाटला नाही. तिथं तिचं नाव असतं तर वाटला असता. तो आपल्याला किती वाटला असता याचा अंदाज आला आणि मी पुस्तक मिटलं. चार दिवस ते टेबलावर पडून होतं. पाचव्या दिवशी पिशवीत टाकलं आणि निघालो. नारायणगावला एक, मंचरला दुसरी गाडी बदलून घोडेगावला उतरलो.

दारात तिची सासू लसूण सोलत बसली होती. “कोण पावणं?” म्हणाली. मी सांगितल्यावर सूप बाजूला सारून उठली. “मास्तर व्हय तुमी? सर म्हणाले, सर म्हणाले, लई ऐकलंय तुमचं. आज बघितलं.” आणि आत हाक मारली.

तिची कामाची जागा म्हणजे शिलाई मशिनचं टेबल, त्यावर लॅपटॉप. बियाण्याच्या पाकिटावरचा मजकूर करत होती. पाया पडायला वाकली. मी नको म्हणालो, पण तोवर पडून झालं होतं. चहा आला. मी विचारलं, तो परदेशातला नंबर आठवतो का.

“बिबट्याच्या वाक्याचा ना? तुम्ही वाचवलंत मला त्यातनं.”

“तो खरा होता,” मी म्हणालो आणि पुस्तक तिच्यापुढे ठेवलं.

तिनं ते उचललं नाही. कव्हर वाचलं. मग म्हणाली, “असू द्या सर. तुम्हाला तरी काय माहीत.”

तिनं मला दार उघडून दिलं होतं. तिथून मी सहज बाहेर पडू शकलो असतो, पुस्तक देऊन, वाईट वाटल्याचं सांगून, संध्याकाळच्या आत घरी. मला तसं करायचं होतं.

“मला माहीत होतं,” मी म्हणालो. “छापखान्यात विचारून घेतलं होतं. तुझा मेसेज आला त्याच्या दोन दिवस आधी.”

बाहेरून सासूनं विचारलं, मास्तरांना साखर पुरली का. तिनं पुरली म्हणून सांगितलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, “का?”

“तुझा कागद चांगला झाला होता.”

तिनं लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, “छापखान्यात सगळे हसले ना सर तुमच्या कागदाला, तेव्हा मी हसले नव्हते.”

मला ते आठवत होतं. सगळे हसत असताना ती खाली बघत उभी होती. तेव्हाही मला तिचाच राग आला होता, हसणाऱ्यांचा नाही.

मग तिनं पुस्तक उघडलं. मधलं एक पान वाचलं, दुसरं वाचलं. एका जागी बोट ठेवून स्वतःशीच म्हणाली, अशी नाही बोलत ती माणसं. आजी हिरड्याबद्दल सांगते आहे का सभेत भाषण करते आहे? आतल्या पानावरच्या त्या बारीक अक्षरांवर तिची नजर गेली आणि तिनं पुस्तक पालथं ठेवलं.

“नंबर द्या,” म्हणाली.

तिनं आपल्या फोनमधून तो कधीच काढून टाकला होता. मी माझ्यातून वाचून दाखवला. माझ्यासमोरच तिनं तो ब्लॉकमधून सोडवला आणि लिहिलं. नमस्कार लिहिला, इतक्या उशिरा उत्तर देते म्हणून माफी मागितली. कारण लिहिलं नाही. माझं नाव कुठं आलं नाही. मग तेच पाच प्रश्न. पाठवलं आणि फोन टेबलावर ठेवला. आम्ही दोघं तिकडे बघत होतो. खुणा निळ्या झाल्या. पलीकडे कुणीतरी टाइप करायला लागलं.

खरं लिहायचं म्हणून बसलो आहे, तर हेही लिहितो. त्या वेळी, त्या खुर्चीत, तिच्या घरचा चहा पोटात असताना, पाचव्या प्रश्नाला नाही असं उत्तर यावं अशी इच्छा माझ्या मनात येऊन गेली. मी लगेच उठलो. गाडीची वेळ झाली म्हणालो. उत्तर काय आलं ते मी विचारलं नाही आणि तिनंही आजवर सांगितलं नाही.

दारापर्यंत ती आली. म्हणाली, “सर, हे ग्रुपवर लिहा. जिथं सावध लिहिलंत तिथंच.”

मंचरच्या स्टँडवर बसून मी लिहिलं: ‘मागे एका परदेशी नंबराबद्दल सावध केले होते. तो नंबर खरा होता. चूक माझी.’ दोन मिनिटांत जोडलेल्या हातांची रांग लागली. टायपिंगवाल्यांनी लिहिलं, कुणाकडूनही होतं सर. एका तरुणानं लिहिलं, ‘आपल्या भल्यासाठीच सांगितलं होतं ना राव सरांनी.’ कुणीतरी गुलाबाचं फूल टाकलं. मी सगळं वाचलं आणि मला फार हलकं वाटलं. नारायणगाव येईपर्यंत मी जवळजवळ चांगला माणूस झालो होतो.

तिनं ग्रुपवर काहीच टाकलं नाही. संध्याकाळी मला वेगळा मेसेज केला: ‘सर, तुम्हाला कळलं नसतं तर ती चूक. तुम्हाला कळलं होतं.’

त्याला आता दोन महिने झाले. त्या दोन महिन्यांत हे लिहिलं आहे. बाकीच्या दहाजणांनी तेव्हा सहा शब्द वाचले आणि ते लगेच मानले. त्यांनी हेही वाचावं, म्हणून ते आज ग्रुपवर टाकतो आहे. त्या दिवशी मी चुकलो नव्हतो. मला तिचा हेवा वाटत होता. अजूनही वाटतो.

टाकायच्या आधी सकाळी ते तिला पाठवलं आणि विचारलं, तुझं नाव कुठं घातलेलं नाही, चालेल का. तासाभरानं उत्तर आलं: ‘माझं नको सर. खाली तुमचं घाला.’

ग्रुपवर ते वेगळं घालावं लागत नाही. मी काहीही पाठवलं की वर माझं नाव आपोआप येतं. त्या दिवशीही आलं होतं.